दर पावसाळ्यात चामड्यावर येणारं पांढरं : बुरशी, मीठ की आपणच चोपडलेलं तेल?

गणपतीच्या आदल्या आठवड्यात कपाटाच्या खालच्या खणातून ठेवणीतले बूट काढावेत आणि ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसावेत, हे आमच्या घरी सलग सहा वर्षं झालं. डोंबिवली, तळमजला, कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं. मीही दरवर्षी ठरलेलं तेच करायचो. ओल्या फडक्याने पुसायचं, वर खोबरेल चोपडायचं, चामडं कसं तुकतुकीत दिसतंय म्हणून स्वतःवरच खूश व्हायचं आणि बूट पुन्हा त्याच खणात. पुढच्या वर्षी पीठ दुप्पट.

सातव्या वर्षी पट्ट्याचं बक्कल बसवून घ्यायला स्टेशनबाहेर बसणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी पट्टा हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि विचारलं, "खोबरेल लावता का साहेब?" हो म्हटल्यावर हसले. "मग बुरशीला तुम्हीच जेवायला वाढताय की."

तिथून माझं डोकं ठिकाणावर यायला सुरुवात झाली. त्यानंतरच्या तीन पावसाळ्यांत जे करून पाहिलं, फसलं आणि टिकलं, ते इथे लिहितोय. ज्यांच्या वस्तू एकदाच खराब झाल्यात त्यांच्यापेक्षा, पुसलं तरी परत येतं, पुसलं तरी परत येतं, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हे जास्त आहे.

पांढरं दिसलं की लगेच पुसू नका

सगळं पांढरं म्हणजे बुरशी नव्हे. चामड्यावर येणारं पांढरं तीन प्रकारचं असतं आणि तिघांचा इलाज वेगळा. मी सहा वर्षं तिघांनाही एकच औषध देत होतो.

बुरशी असेल तर वस्तू उजेडात तिरपी धरा. पांढरं सपाट दिसणार नाही, त्याला लव असते. गोल गोल ठिपके असतात, काही हिरवट, काही राखाडी. ती कुठेही येत नाही. जिथे हात लागतो तिथे, म्हणजे पर्सच्या बंदावर, पट्ट्याच्या भोकांभोवती, बुटाच्या जिभेच्या आत, आणि शिवणीच्या कडेने. घाम, तेल, धूळ, जुनं पॉलिश, तिला सगळं चालतं. आणि वास. बंद घर उघडल्यावर येतो तो कुबट वास आला की शंका उरत नाही.

दुसरा प्रकार चरबीचा. चामडं कमावताना कारखान्यात त्यात तेल-चरबी मुरवतात, नाहीतर धागे एकमेकांवर सरकणार नाहीत आणि ते पुठ्ठ्यासारखं कडक होईल. या चरबीतले काही घटक, किंवा आपण वरून लावलेलं तेल आणि मेण, थंडीत घट्ट होऊन वर येतात आणि पातळ पांढरट साय धरल्यासारखी दिसते. ठिपके नाहीत, लव नाही, वास नाही. चुण्यांमध्ये जास्त दिसते. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली गोठतं, हे पुण्या-नाशिकच्या लोकांना डिसेंबरात बाटली उलटी करून थापट्या मारताना रोजच दिसतं. तेच तेल बॅगेत मुरलेलं असेल तर तिथे तरी ते पातळ कसं राहणार? माझा एक पुण्याचा मावसभाऊ जानेवारीत "बुरशी आली रे" म्हणून फोन करायचा. जानेवारीत, पुण्याच्या कोरड्या हवेत बुरशी! ती बुरशी नव्हतीच. जाता जाता, घोड्याच्या खोगीर-लगामासाठी बनणाऱ्या ब्रायडल लेदरचे पट्टे मुद्दाम अशा पांढऱ्या मेणासकट विकतात. महागाचा पट्टा आणून "खराब माल दिला" म्हणून भांडायला जाऊ नका.

तिसरं मीठ. चपलेच्या तळव्यावर, घड्याळाच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला, समुद्रावर फिरून आलेल्या बुटांवर. कडेला नागमोडी रेघ असते, वाळलेल्या घामाची शर्टावर दिसते तशीच, आणि बोटाला कचकच लागते.

ओळखायची सोपी रीत: केस वाळवायचा ड्रायर अगदी मंद ठेवून वीतभर लांबून त्या जागेवर आठ-दहा सेकंद धरा. चरबी असेल तर डोळ्यांदेखत वितळून नाहीशी होते. बुरशी आणि मीठ जागचं हलत नाही. मग एका कोपऱ्यावर ओलसर बोट फिरवा. मीठ विरघळतं, आणि वाळल्यावर परत उमटतं. बुरशी पुसली जाते पण खाली किंचित काळपट डाग सोडते. दोन मिनिटांचं काम आहे. हे न करता बाटली उघडायची नाही, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम.

चरबी निघाली तर फार काही नाही. मंद गरम हवा, कोरडं सुती फडकं, आणि पुढचे सहा महिने कुठलंही तेल नाही. मीठ असेल तर एक भाग पांढरा व्हिनेगर आणि तीन भाग पाणी, फडकं पिळून, पूर्ण पट्टा सारखा पुसायचा. नुसता डाग पुसला की त्याच्या भोवती नवी रेघ पडते, कारण पाणी जिथे थांबतं तिथे मीठ थांबतं.

बुरशीचं मात्र सविस्तर सांगावं लागेल.

बुरशी काढताना

पहिली चूक ओलं फडकं. बुरशी कोरडी असताना तिचे बीजाणू पृष्ठभागावर असतात. ओलं करून चोळलं की ते छिद्रांत आणि शिवणीत जातात, आणि वर पाणीही आयतं मिळतं. म्हणून आधी सगळं कोरड्यानेच. वस्तू गॅलरीत किंवा गच्चीवर न्यायची, नाकातोंडाला मास्क लावायचा (दम्याच्या माणसाने हे काम दुसऱ्या कुणावर ढकलावं), आणि मऊ ब्रशने झटकायची. घरात, पंख्याखाली झटकलीत तर तीच बुरशी कपाटातल्या कोटावर जाऊन बसेल. मी हे केलंय. ब्रश नंतर साबणाने धुऊन उन्हात टाकायचा, नाहीतर पुढच्या बुटाला त्याच ब्रशने लागण.

झटकून झालं की औषधाच्या दुकानात मिळणारं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तेवढंच पाणी एकत्र करायचं. गॅसजवळ नको, ते पेटतं. फडकं बुडवून घट्ट पिळायचं, इतकं की दाबलं तर थेंब पडू नये. आधी न दिसणाऱ्या जागी, पट्ट्याच्या मागे किंवा पर्सच्या तळाला, पुसून पाहायचं. फडक्यावर रंग आला तर थांबा. अशा चामड्याला अल्कोहोल आणखी पातळ करून किंवा नुसत्या पिळलेल्या ओलसर फडक्यानेच भागवावं लागतं. रंग नाही आला तर सगळीकडून एकसारखं पुसायचं, एकेक ठिपका उकरत बसायचं नाही. शिवणीत कापूस गुंडाळलेली काडी फिरवायची. आणि आतलं अस्तर विसरायचं नाही. बहुतेकांची बुरशी परत येते ती इथूनच. बाहेरून बूट आरशासारखे, आत तळव्याखाली वसाहत तशीच.

मग वाळवणं. सावलीत, पंख्यासमोर, निदान पूर्ण एक दिवस. पावसाळ्यात दोन. बुटाची लेस काढून जीभ बाहेर ओढून ठेवा. सकाळचं कोवळं ऊन पंधरा-वीस मिनिटं दाखवायला हरकत नाही, आपल्याकडे गाद्यांपासून पापडांपर्यंत सगळ्यालाच ऊन दाखवतात, पण दुपारच्या उन्हात विसरून गेलात तर रंग उडेल आणि चामडं तडकेल.

साबणाचं म्हणाल तर अंगाचा किंवा भांड्यांचा साबण नको, खायचा सोडा तर अजिबात नको. चामडं स्वभावाने आम्लधर्मी असतं, त्याचा पीएच चार-पाचच्या आसपास. अंगाच्या साबणाच्या वडीचा नऊ-दहा. एकदा पुसल्याने आभाळ कोसळत नाही, पण दर महिन्याला पुसत राहिलात तर चामडं कोरडं, खरखरीत होत जातं आणि मग "कोरडं पडलंय" म्हणून आपण तेल ओततो. गंमत अशी की दोन्ही चुका एकमेकींना पोसतात.

तेलाचा प्रश्न

आता काकांच्या वाक्याकडे. खोबरेल का नको? एक तर ते चामड्यात वाळत नाही, बसून राहतं. धूळ धरतं, शिवणीचा दोरा सैल पडतो, आणि दमट हवेत बुरशीला बैठक मिळते. शेंगदाणा किंवा मोहरीचं तेल त्याहून वाईट, ते हवेने खवट आणि चिकट होतं. जुन्या पितळी समईच्या बुडाशी जो चिकट थर जमतो, तोच थर बॅगेवर.

पण मुळात तुमच्या वस्तूला तेल हवंय का, हे आधी पाहा. पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब मोत्यासारखा तसाच उभा राहिला तर चामड्यावर रंगाचा पातळ लेप आहे. ऑफिसच्या बॅगा, सोफे, बहुतेक काळे फॉर्मल बूट असेच असतात. यांना वरून लावलेलं तेल आत जातच नाही, नुसतं वर माखून राहतं. यांना धूळ पुसणं आणि वर्षातून दोनदा किंचित क्रीम, बस्स. थेंब मुरला आणि जागा गडद झाली तर चामडं उघडं आहे. त्याला स्निग्धता लागते, पण तीही थोडी.

थोडी म्हणजे किती? पूर्ण बुटाच्या जोडाला वाटाण्याएवढं क्रीम. मी पूर्वी त्याच्या दसपट लावत असेन. मधमाशीचं मेण असलेलं, रंग नसलेलं कुठलंही शू क्रीम चालतं. फडक्यावर घ्यायचं, थेट चामड्यावर थापायचं नाही, गोल फिरवत पातळ पसरायचं, वीस मिनिटं ठेवायचं आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने उरलेलं पुसून काढायचं. हा शेवटचा भाग लोक गाळतात. फडकं फिरवल्यावर त्याला क्रीम लागायचं थांबलं पाहिजे. बोट फिरवल्यावर ठसा उमटत असेल तर जास्त झालंय.

आणि वेळ. मी गणपतीत लावायचो. आता एकदा मे महिन्याच्या शेवटी, वस्तू कोरड्या ठणठणीत असताना, आणि दुसऱ्यांदा ऑक्टोबरच्या उकाड्यात. मधल्या चार महिन्यांत क्रीमच्या डबीला हात नाही. ओलसर चामड्यावर मेणाचा थर दिला की आतला ओलावा आतच कोंडतो.

कोल्हापुरीचं वेगळं आहे

वर जे लिहिलं ते बहुतेक क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेल्या चामड्याबद्दल. कोल्हापुरी चप्पल त्यात बसत नाही. तिचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेलं, वर लेप नाही, शिवण चामड्याच्याच वादीची, आणि खिळा नाही. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. ज्यांना वाटतं की हे नुसतं कौतुकापुरतं आहे, त्यांच्यासाठी सांगतो की कमावण्याची ही पद्धतच तिच्या सगळ्या दुखण्यांचं मूळ आहे, आणि औषधही तिथूनच शोधायचं.

पहिलं दुखणं माझ्याच घरातलं. बाबांचा कापशी जोड, म्हणजे कोल्हापुरीचाच एक प्रकार, पहिल्या वळवात भिजला. मी तो गॅलरीच्या ग्रिलवर उभा करून ठेवला. संध्याकाळी पाहतो तर दोन्ही चपलांच्या तळाला निळसर काळे पट्टे, ग्रिलच्या सळ्या मोजून घ्याव्यात असे. घासले, पुसले, जाईनात. बुरशी वाटली, पण एका दुपारात बुरशी येत नाही. हिरडा आणि लोखंड एकत्र आलं की काळी शाई होते, पूर्वी शाई अशीच करायचे. ओल्या चामड्यातला हिरडा आणि ग्रिलचा गंज, घरच्या घरी शाईचा कारखाना! तेव्हापासून भिजलेली कोल्हापुरी लाकडी पाटावर किंवा रद्दीवर आडवी ठेवतो. लोखंडी स्टँड नाही, तारेचा काथ्या नाही. डाग ताजा असेल तर पाण्यात पातळ केलेला लिंबाचा रस कापसाने लावून लगेच स्वच्छ पाण्याने टिपल्यावर तो बराच फिका होतो. पूर्ण जात नाही. बाबांनी त्या पट्ट्यांसकट पुढे चार वर्षं वापरली.

दुसरं, भिजली की कडक होणं. लोक घाईने ड्रायर लावतात, कुणी गॅसच्या शेगडीपाशी ठेवतं. सालीने कमावलेलं ओलं चामडं साधारण ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान आकसायला लागतं आणि आकसलं की परत येत नाही. क्रोमचं चांगलं कमावलेलं चामडं उकळत्या पाण्यातही टिकतं, म्हणून बुटाला चाललेला ड्रायर चपलेला चालेलच असं नाही. सावली, पंखा, आणि अर्धवट वाळली असताना हाताने हळूच वाकवत राहणं, एवढंच. वाळत आली की पट्टा आणि कान यांच्या आतल्या बाजूला दोन-तीन थेंब एरंडेल बोटाने चोळायचं. हो, तेल. लेप नसलेल्या चामड्याला इथे तेल चालतं आणि नवी चप्पल चावते तेव्हाही हाच उपाय. पण थेंब म्हणजे थेंब. मी एकदा वाटी घेऊन बसलो होतो, आठवडाभर मोज्यांना डाग पडत होते. (कोल्हापुरीत मोजे कुणी घालतं का, हा वेगळा वाद. आमच्याकडे हिवाळ्यात घालतात.)

तिसरं, पावसाळ्यात ती वापरायचीच नाही. जूनमध्ये झटकून, कापडात गुंडाळून वर ठेवा, दसऱ्याला काढा. याला पर्याय मला सापडला नाही.

आणि कुणी विचारायच्या आत सांगतो, तबला-ढोलकीच्या पुडीला यातलं काहीही लावू नका. ती कमावलेली नसते, कच्ची कातडी असते. तिचा न्याय वेगळा.

खरा रोगी कपाट आहे

एवढं सगळं नीट केल्यावर पहिल्या वर्षी बुरशी परत आली. थोडी, पण आली. तेव्हा तीनशे-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक आणून खालच्या खणात ठेवला. जुलैत बाहेरच्या खोलीत ८० टक्के, खणात ८८. म्हणजे मी बूट साफ करून परत दलदलीत ठेवत होतो. आर्द्रता ७० च्या वर टिकून राहिली की चामड्यावर बुरशी धरते, ६० च्या खाली तिला जवळजवळ काही करता येत नाही. सगळी लढाई या आकड्याची आहे.

कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. पश्चिमेची भिंत पावसाने भिजून गार पडते आणि टेकलेल्या फळीमागे हवा कोंडते. एवढ्यानेच ८८ चे ८२ झाले. मग काकांनीच सुचवलेला, आणि फोटोग्राफर मंडळी लेन्ससाठी वर्षानुवर्षं करत आलेला उपाय केला: खणात झिरोचा दिवा. जुना, तारेचा, गरम होणारा. नावाला झिरो, पण तो साधारण १५ वॅट खातो आणि आपल्याला तीच ऊब हवी असते. एलईडीचा झिरो लावून उपयोग नाही, तो गरमच होत नाही. हिशेब साधा आहे. २८ अंशांची ८५ टक्के दमट हवा नुसती ३१ अंशांवर नेली की पाणी तेवढंच राहून आर्द्रता ७१-७२ वर येते. दिवा वस्तूंपासून निदान वीतभर लांब, वर जाळी, वायर नवी आणि जोड इलेक्ट्रिशियनकडून. कपडे लोंबणाऱ्या कप्प्यात हे करू नका.

सिलिका जेलच्या पुड्या सगळेच टाकतात. बुटाच्या खोक्यातून आलेली ती चिमुकली पुडी आपल्याकडे येईपर्यंत भिजून गार झालेली असते. जेल आपल्या वजनाच्या पाव हिश्शाहून थोडं जास्त पाणी धरतं, मग थांबतं. म्हणून उघड्या कपाटात ते निरुपयोगी, घट्ट झाकणाच्या डब्यात कामाचं. डब्याला शंभर-दीडशे ग्रॅम, नारिंगी दाण्यांचं, जे ओलं झालं की हिरवं होतं. साधारण १२० अंशांवर तास-दीड तास ओव्हनमध्ये ठेवलं की परत नारिंगी. निळे दाणे कोबाल्टचे असतात, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नकोत.

आता माझा सगळ्यात महागडा धडा. बाजारात ओलावा शोषणाऱ्या लोंबत्या पिशव्या मिळतात. वरचे पांढरे खडे पाणी ओढतात आणि ते खाली साठतं. काम झकास करतात. मी एक आणून बायकोच्या टॅन पर्सच्या वर टांगली. ऑगस्टात पिशवीचा खालचा कोपरा कधीतरी फुटला. ते पाणी साधं नसतं, कॅल्शियम क्लोराइडचा दाट खारट द्राव असतो. पर्सच्या झाकणाचा वितभर भाग आवळून, कडक होऊन, भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा झाला होता. धुऊन, क्रीम लावून, कशाने काही झालं नाही. अशी पिशवी वापरायचीच असेल तर चामड्याच्या खाली, खोलगट टबात. वर कधीही नाही. पर्सचा विषय आमच्याकडे अजून निघतो.

बाकीचं पटकन. प्लास्टिकच्या पिशवीत चामडं ठेवू नका, जुनी उशीची खोळ उत्तम. डांबरगोळ्या कसरीसाठी, दमटपणावर त्यांचा काही इलाज नाही, आणि त्यांचा वास चामड्यातून वर्षभर जात नाही. कडुनिंबाचा ओला पाला तर स्वतःच ओलावा घेऊन येतो. बूट पायातून काढले की तडक खणात नाही, एक रात्र बाहेर, आत कागदाचे बोळे. फिक्या अस्तराला वर्तमानपत्र नको, शाई उतरते. शक्य तर दोन जोड आलटून पालटून.

हे तर चामडंच नाही

दर चार तक्रारींतली एक अशी असते: "कंडिशनर लावलं तरी पापुद्रे निघतायत." पापुद्रे निघत असतील आणि खाली कापडाची जाळी दिसत असेल तर ते कृत्रिम, पीयू म्हणतात ते. त्याचा लेप दमट हवेत पाण्यामुळेच हळूहळू तुटत जातो, वापरा किंवा जपून ठेवा. उलट कपाटात जपून ठेवलेल्या पर्सची पापडी आधी होते, असं माझ्या पाहण्यात आहे. त्याला क्रीम, तेल, मेण, काही लागू पडत नाही. तीच गत काही बुटांच्या तळव्यांची. वर चामडं धडधाकट, तीन वर्षांनी लग्नाला म्हणून घातले आणि मांडवात तळवा भुसा होऊन गळाला. तळवा नवा बसवता येतो, वरचं चामडं चांगलं असेल तर जरूर बसवून घ्या. विकत घेताना कापलेली कड पाहायची. चामड्याची कड केसाळ, धाग्यांची असते, कृत्रिमाची थरांची, खाली कापड. काडी पेटवून वास बघायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

पेनाची शाई स्वतः काढायला जाऊ नका. अल्कोहोलने शाईबरोबर रंगाचा लेपही निघतो आणि निळ्या रेघेच्या जागी पांढरा डाग राहतो. तेलाचा ताजा डाग असेल तर कॉर्नफ्लोअर भुरभुरून रात्रभर ठेवा, सकाळी झटका. स्वेडला, म्हणजे मखमली पृष्ठभागाच्या चामड्याला, क्रीम मेण काहीच नाही, फक्त कोरडा ब्रश.

यंदाचा हिशेब सांगतो. दिवा जूनपासून चालू, खणातला आकडा ६३ ते ६८, बूट आणि पट्टे स्वच्छ निघाले. फसली ती एकच वस्तू, बाबांची जुनी ब्रीफकेस. बाहेरचं चामडं झकास, पण उघडली की कुबट वास. तीन आठवडे पंख्याखाली उघडी ठेवली, आत कोळशाची पुरचुंडी ठेवली, दोनदा अल्कोहोलने अस्तर पुसलं. शेवटी काकांनी अस्तराचा एक कोपरा उचकटून दाखवला. कापडाखाली पुठ्ठा, आणि पुठ्ठा हिरवागार. वास चामड्याचा नव्हताच. आता सगळं अस्तर काढून नवीन पुठ्ठा-कापड लावायचं ठरलंय. त्यांच्याकडे गणपतीची कामं तुंबलीत, दसऱ्यापर्यंत देतो म्हणालेत.